३० ऑक्टोबर २०२३ : पद्मिनी टॅक्सीविना पहिली सकाळ

ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी मुंबईतली शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी नोंदली गेली. टॅक्सीला आयुष्य वीस वर्षांचं. त्या हिशेबानं ३० ऑक्टोबर २०२३ रोजी शहराचा पद्मिनीशी असलेला काळ्या-पिवळ्या रंगाचा करार संपला. डिझेलवरची शेवटची लाल डबलडेकर त्याआधी दीडच महिना गेली होती.

पद्मिनी मूळची इटलीतल्या तुरीनची, फियाट ११००. तिचं १०८९ सीसीचं इंजिन १९३७ पासूनचं. १९५३ मध्ये दांते जाकोसा या अभियंत्यानं वेगळ्या चॅसीऐवजी एकसंध बॉडी दिली. तिला मुंबईकर केलं ते सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सनं. बोरघाटात रेल्वेची कामं केलेल्या या माणसानं १९४४ मध्ये, महायुद्ध चालू असताना, मोटारींची कंपनी काढली. इथं मोटार बनू शकते, हेच तेव्हा अनेकांना खरं वाटत नव्हतं! पुढे कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट निघू लागली आणि सत्तरच्या दशकात तिची पद्मिनी झाली. घरासाठी घ्यायची तर वर्षानुवर्षं नंबर लावावा लागे. तेव्हा हीच आपली ऐषारामी गाडी होती.

गिअर स्टिअरिंगलाच, त्यामुळे पुढची सीट सलग. लालबागहून गिरगावला निघालेलं अख्खं कुटुंब, मांडीवरच्या पोरासकट, तीत मावायचं. मीटर बाहेर, डाव्या अंगाला. तो खाली पाडल्याचा खणखणीत आवाज दादर स्टेशनबाहेर दिवसभर ऐकू यायचा.