नाव बदललेला राजा

तुतनखामेन हे नाव आता शाळकरी पोरांनाही ठाऊक असते. १९२२ च्या नोव्हेंबरात हॉवर्ड कार्टरला त्याचे थडगे सापडले आणि तीन हजारांहून अधिक वर्षे विस्मृतीत पडलेला हा पोरसवदा राजा घराघरांत पोचला. पण हे त्याचे मूळ नाव नव्हे. तो जन्मला तुतनखातेन म्हणून. राज्य आतेनची उपासना सोडून पुन्हा आमेन देवाकडे वळले, तेव्हा नावाचे शेपूट बदलले. त्याच्या सोन्याच्या सिंहासनावर दोन्ही नावे कोरलेली आहेत. पुढच्यांनी राजांच्या यादीतून त्याला वगळलेच. मिसरी समजुतीप्रमाणे नाव पुसले की माणूस परलोकातही उरत नाही. (‘फेरो’ या शब्दाचा मूळ अर्थ ‘मोठे घर’. आपण ‘वाड्यावरून बोलावणे आले’ म्हणतो, तशातलाच प्रकार!)

हे वाचले की मला साताऱ्याचे थोरले शाहू महाराज आठवतात. १६८२ साली जन्मलेल्या संभाजीपुत्राचे नाव ठेवले होते शिवाजी. १६८९ मध्ये रायगड पडला आणि सात वर्षांचे ते पोर येसूबाईंसह औरंगजेबाच्या छावणीत गेले. तिथे बादशहाने त्याला ‘साव’ म्हटले, त्याचे शाहू झाले, अशी कथा सांगतात. मला ती फारशी पटत नाही. पणजोबांचे शहाजी हे नाव घरात होतेच. शाहू हे त्याचेच लाडके रूप मानणे अधिक सरळ. ते काही असो, आजोबांचे नाव मागे पडले ते पडलेच.

खरा पेच १७०७ साली आला. औरंगजेब वारला आणि शाहू सुटून दक्षिणेत परतले. ताराबाईंनी ‘हा तोतया’ असे म्हटले. सतरा-अठरा वर्षांपूर्वी सात वर्षांचा असताना गेलेला मुलगा. ओळखणार कोण आणि कशावरून? तेव्हा परसोजी भोसल्यांनी त्यांच्याबरोबर एका ताटात जेवून खातरजमा करून दिली, असे सांगतात. नावाची साक्ष शेवटी जेवणाच्या ताटाने दिली. त्याच वर्षी खेडची लढाई झाली आणि १७०८ च्या जानेवारीत साताऱ्यास राज्याभिषेक झाला.

त्या किल्ल्याचेही नाव असेच पालटले होते. १७०० मध्ये मोगलांनी तो घेतला आणि शहाजादा आझमच्या नावावरून ‘आझमतारा’ केला. आज त्याला अजिंक्यतारा म्हणतात. आझमचे नाव पुस्तकात राहिले. महाराजांनी पायथ्याशी वसवलेले शहर मात्र शाहूनगर म्हणून ओळखले जाऊ लागले.

शाहू महाराज स्वतः मोहिमेवर क्वचितच निघत. दौडा पेशव्यांनी आणि सरदारांनी माराव्यात, महाराजांनी साताऱ्यास बसून माणसे सांभाळावीत, अशी रीत. मिरजेला मात्र ते जातीने तळ देऊन बसले आणि १७३९ मध्ये तो किल्ला मराठ्यांच्या हाती आला. पुढे मिरज पटवर्धनांकडे गेली, घरात वाटण्या झाल्या आणि चिंतामणरावांनी सांगलीस वेगळी गादी मांडली. सांगलीच्या राजवाड्याची आणि गणपती मंदिराची कथा सांगताना मिरजेच्या त्या वेढ्याची आठवण कुणी काढत नाही, हे मला खटकते.

नाव तर इतके चालले की त्याची जवळजवळ पदवीच झाली. १७७७ मध्ये दत्तक आलेले साताऱ्याचे छत्रपतीही शाहू झाले. १८८४ मध्ये कागलच्या घाटगे घराण्यातील यशवंतराव कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले, तेही शाहू. मिसरात दुसऱ्या रामसेसनंतर नऊ राजांनी तेच नाव घेतले, तसेच हे. फरक एवढाच की तिथे सगळ्यांत प्रतापी रामसेस आधी होऊन गेला आणि आपल्याकडे रयतेच्या मनावर ठसले ते शेवटचे. वसतिगृहे काढणाऱ्या, १९०२ मध्ये राखीव जागांचा हुकूम देणाऱ्या राजर्षींना तो मान मिळाला यात वावगे काही नाही. पण ‘शाहू महाराज’ म्हटले की साताऱ्याचे शाहू मागे सरतात, हेही खरे.

१५ डिसेंबर १७४९ रोजी ते गेले. संगम माहुलीला कृष्णा-वेण्णेच्या काठी त्यांची समाधी आहे. तिथेच त्यांच्या खंड्या नावाच्या कुत्र्याचेही स्मारक आहे. शिकारीत वाघापासून धन्याला वाचवले म्हणून महाराजांनी त्याला पालखीचा मान दिला, असे लोक सांगतात.