जुना कॉम्प्युटर घेता? बैलाचा दात पाहता तशी मशीनची ‘पिढी’ पाहा

अमरावती/अकोला : मोबाईलवर सातबारा निघतो, महाडीबीटीचा अर्जही भरता येतो. पण टायपिंगचा सराव, प्रोजेक्ट, बचत गटाचा हिशेब ही कामं मोबाईलवर होत नाहीत. शासकीय लिपिक पदासाठी मिनिटाला मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्दांचं टायपिंग प्रमाणपत्र लागतं. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची ही परीक्षा आता कॉम्प्युटरवर होते. क्लासचा वेळ संपला की घरी कीबोर्ड पाहिजे. नवीन मशीन परवडत नाही म्हणून बरीच घरं ‘रिफर्बिश्ड’ म्हणजे दुरुस्त करून विकलेल्या जुन्या डेस्कटॉपकडे वळतात. असा सौदा फायद्याचा ठरतो, पण पाहून केला तरच.

हा माल येतो कुठून?

मोठ्या कंपन्या, बँका, कॉल सेंटर काही वर्षं वापरून मशीन एकगठ्ठा विकतात. व्यापारी त्या उघडतात, साफ करतात, खराब भाग बदलतात. डेल ऑप्टिप्लेक्स, एचपी प्रोडेस्क, लेनोवो थिंकसेंटर ही त्यातली नेहमीची नावं. दिवसभर चालण्यासाठी बनवलेल्या या मशीन दणकट असतात. मात्र ‘सेकंडहँड’ म्हणजे जशी आहे तशी, अन् ‘रिफर्बिश्ड’ म्हणजे तपासून दुरुस्त केलेली. नेमकं काय बदललं, हे दुकानदाराला विचाराच.

‘आय-५’ ऐकून भुलू नका

बाजारात बैल घेताना आपण दात पाहतो. कॉम्प्युटरचं वय प्रोसेसरच्या नंबरात असतं. ‘आय-५ आहे’ एवढं सांगणं म्हणजे ‘बैल पांढरा आहे’ म्हणण्यासारखं. त्यापुढचा आकडा महत्त्वाचा :

- आय-५ ३४७० : तिसरी पिढी, २०१२ च्या सुमाराची
- आय-५ ६५०० : सहावी पिढी
- आय-५ ८५०० : आठवी पिढी, डेस्कटॉपमध्ये २०१७ च्या शेवटी आली
- आय-५ १०४०० : दहावी पिढी

आठव्या पिढीचा आय-३ हा तिसऱ्या पिढीच्या आय-५ पेक्षा घरच्या कामाला चांगला. शिवाय विंडोज १० चा नेहमीचा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टची अट इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची, आणि टीपीएम २.० अशी आहे. जुन्या पिढीवर काही दुकानदार जुगाड करून विंडोज ११ टाकून देतात. पुढे अपडेट मिळतीलच याची खात्री नसते. नवीन चकचकीत कॅबिनेट, रंगीत लाईटचे पंखे अन् आत जुना बोर्ड, असाही माल विकला जातो. म्हणून डबा नाही, नंबर पाहा.

बजेट कमीच असेल अन् सहाव्या-सातव्या पिढीची मशीन स्वस्तात मिळत असेल, तर त्यावर उबंटू किंवा लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली चालते. मराठी टायपिंग, हिशेब, इंटरनेट सगळं होतं. पण क्लासचं सॉफ्टवेअर त्यावर चालतं का, हे आधी सरांना विचारून घ्या.

एसएसडी नसेल तर घेऊ नका

जुनी हार्डडिस्क असली की मशीन सुरू व्हायलाच वेळ घेते. एसएसडी किमान २५६ जीबी आणि रॅम ८ जीबी पाहिजे.

दुकानात हे तपासा

१. मशीन स्वतः चालू करा. ‘धिस पीसी’वर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ उघडा. प्रोसेसरचा पूर्ण नंबर अन् रॅम तिथं दिसते.

२. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकत्र दाबा. ‘परफॉर्मन्स’मध्ये डिस्क एसएसडी आहे की हार्डडिस्क, ते कळतं.

३. सेटिंगमध्ये ‘ॲक्टिव्हेशन’ पाहा. विंडोज चोरीची नको.

४. पूर्ण बंद करून, वायर काढून परत लावा. तारीख-वेळ चुकली तर आतला सेल संपला आहे. तो स्वस्त असतो, तिथंच बदलून घ्या.

५. सगळे यूएसबी पोर्ट पेनड्राइव्ह लावून पाहा. हेडफोन लावा. अर्धा तास व्हिडिओ चालू ठेवा; पंख्याचा आवाज वाढतो का, मशीन बंद पडते का, ते पाहा.

६. मॉनिटरवर पूर्ण पांढरा अन् पूर्ण काळा पडदा आणा. डाग, रेघा लगेच दिसतात.

७. मॉनिटरची वायर बसते का पाहा. ऑफिसच्या बऱ्याच मशीनना एचडीएमआय नसतं, डिस्प्लेपोर्ट असतं.

लहान डब्याच्या कंपनी मशीनमध्ये पॉवर सप्लाय वेगळ्या मापाचा असतो. बाजारातला साधा एसएमपीएस बसत नाही. तो जळाला तर मिळेल कुठं, हे घेतानाच विचारा.

गावात आणल्यावर

डेस्कटॉपला बॅटरी नसते. लाईन गेली की काम गेलं. म्हणून यूपीएस त्याच खर्चात धरा. तीन पिनचा बोर्ड अन् नीट अर्थिंग करून घ्या. अकोल्यात उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो. मशीन पत्र्याखाली किंवा भिंतीला चिकटून ठेवू नका. कापूस, तूर काढणीच्या दिवसांत घरात धूळ असते, तेव्हा दोन-तीन महिन्यांनी डबा साफ करा.

बऱ्याच डेस्कटॉपला वायफाय नसतं. मोबाईल डेटा केबलनं जोडून ‘यूएसबी टेदरिंग’ चालू केलं की इंटरनेट येतं. वेगळा खर्च नाही.

पक्कं बिल हाच आधार

बिलावर मॉडेल, सिरियल नंबर, प्रोसेसरचा पूर्ण नंबर, रॅम, एसएसडी अन् वॉरंटीचे महिने लिहून घ्या. तोंडी वॉरंटी नंतर कोणी मानत नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष माल बिलावरच्या मुदतीत, मुदत लिहिली नसेल तर ३० दिवसांत परत न घेणं, हीसुद्धा. दुकानदार ऐकत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करा. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीची फी नाही. ऑनलाइन मागवलं असेल तर पार्सल उघडतानाचा व्हिडिओ काढून ठेवा आणि परत करायची मुदत संपायच्या आत वरचे सातही मुद्दे तपासून घ्या.