शशांक : एका काल्पनिक चंद्राची नामकथा

हत्ती आणि ससे यांची पंचतंत्रातील कथा लहानपणापासून आपल्या परिचयाची असते, आणि म्हणूनच ती नीट वाचायची राहून जाते. बीड जिल्ह्यातील चकलांब्यासारख्या अवर्षणप्रवण टापूतील गावी ती वाचणाऱ्याचे लक्ष मात्र आधी तिच्या आरंभाकडे जाईल. कथा चंद्रापासून सुरू होत नाही. पाऊस न पडण्यापासून सुरू होते. तळी आटतात, तहानलेला हत्तींचा कळप एका भरलेल्या सरोवरावर येतो आणि काठावर राहणारे ससे त्यांच्या पायांखाली चिरडले जातात. हत्ती दुष्ट नाहीत, तहानलेले आहेत. पाण्यावर हक्क कोणाचा आणि तो दुर्बळांनी सिद्ध कसा करायचा, हा या कथेतील खरा प्रश्न आहे, असे आम्हांला वाटते.

विजय नावाचा ससा चंद्राचा दूत म्हणून गजराजापुढे उभा राहतो. सरोवर चंद्राचे आहे आणि त्याचे रक्षक असलेले ससे चंद्राची माणसे आहेत, असे तो सांगतो. रात्री तो गजराजाला पाण्यापाशी नेतो. लाटांवर हलणारे प्रतिबिंब म्हणजे कोपाने थरथरणारा चंद्र, असे दाखवतो. गजराज नमस्कार करून निघून जातो. हा कोपिष्ट, सरोवराचा धनी असलेला चंद्र सर्वस्वी सशाने रचलेला आहे. आकाशातल्या चंद्राला या व्यवहाराची वार्ताही नाही.

या बनावाला पुरावा काय? ‘हितोपदेशा’त विजय तो देतो, आणि तो व्याकरणाचा आहे. ससे माझे आहेत म्हणूनच मला ‘शशांक’ म्हणतात, असे चंद्राचे म्हणणे तो पोहोचवतो. ‘शशांक’ म्हणजे ज्याच्यावर सशाची खूण आहे तो. पण ‘अंक’ या शब्दाचा अर्थ मांडी असाही आहे. ज्याच्या मांडीवर ससा बसतो, त्याच्या आश्रिताला कोण दुखवील? डागाचे नाव अशा रीतीने आश्रयाचे नाव होते.

याच नावामागे एक निराळी आख्यायिका बौद्ध परंपरेत आहे. पाली ‘ससजातका’त याचकाला देण्याजोगे जवळ काही नाही म्हणून ससा स्वतःचा देह अग्नीत टाकतो, अग्नी त्याला जाळत नाही, आणि शक्र पर्वत पिळून त्याच्या रसाने चंद्रावर सशाची आकृती काढतो. तिथे ते नाव त्यागाचे स्मारक आहे, इथे ते हक्काचे साधन आहे. डाग तोच, ससाही तोच. जातकातला ससा देह देऊन चंद्रावर जातो, पंचतंत्रातला देह वाचवण्यासाठी चंद्राला खाली आणतो.

एका शब्दाच्या फोडीने राजाला नमवल्याची दुसरी प्रसिद्ध कथा चकलांब्याच्या परिसरापासून फार दूरची नाही. गेवराई तालुक्याच्या उत्तरेला गोदावरी आहे आणि तिच्या वरच्या अंगाला पैठण, म्हणजे सातवाहनांचे प्रतिष्ठान. जलक्रीडेत राणी राजाला ‘मोदकैः’ म्हणते. ‘मा उदकैः’, पाणी उडवू नका, हा अर्थ न कळून राजा मोदक मागवतो आणि खजील होतो. राजाला व्याकरण किती काळात शिकवता येईल, या पैजेत हरलेला गुणाढ्य संस्कृत, प्राकृत आणि देशभाषा सोडून पैशाचीत ‘बृहत्कथा’ रचतो, अशी आख्यायिका आहे. त्या परंपरेतील सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’त, म्हणजे अकराव्या शतकातील काश्मीरमध्ये, चंद्रसर, विजय आणि गजराज चतुर्दंत पुन्हा भेटतात. दोन्ही कथांत पाणी आहे, बलवान आहे, आणि शब्द जाणणारा बलवानापेक्षा वरचढ ठरतो.

भाषा बदलली तेव्हा या पुराव्याचे काय झाले, हे पाहण्यासारखे आहे. सहाव्या शतकात पंचतंत्र पहलवीत गेले आणि आठव्या शतकात इब्न अल्-मुकफ्फाने ते ‘कलीला व दिम्ना’ म्हणून अरबीत आणले. अरबी ‘कमर’ या शब्दात ससा नाही. ‘शशांक’ हा आधार तिथे गळून पडला आणि सारा भार झऱ्याच्या नावावर आला : ‘ऐन-उल्-कमर’, चंद्राचा झरा. माझ्या नावाच्या झऱ्यावर तू कसा आलास, असा चंद्राचा सवाल झाला. चंद्राच्या नावातला हक्क जागेच्या नावात गेला, पण कथा टिकली; कारण तिला नाव हवे होते, ते कुठले याला महत्त्व नव्हते.

ही कथा सांगतो कावळा, घुबडाला पक्ष्यांचा राजा करू नये म्हणून. ज्याचे नुसते नाव घेतल्याने आश्रितांचे रक्षण होते तो खरा राजा, असे त्याला सुचवायचे आहे. पण लगेच तो दुसरी कथा सांगतो. तीतही एक ससा आहे. निवासाच्या वादात न्याय मागायला तो कपिंजल पक्ष्याबरोबर एका तपस्वी म्हणून ख्यात असलेल्या मांजराकडे जातो, आणि ते दोघांनाही खाते. नावाने ससा वाचतो आणि नावानेच मरतोही. पहिल्या कथेत नाव सशाने स्वतः घडवले होते. दुसऱ्या कथेत त्याने दुसऱ्याच्या नावावर विश्वास ठेवला. या दोन कथा वेगळ्या करून शिकवल्या जातात, तेव्हा विजयाची कथा केवळ चातुर्याची गंमत उरते. एकत्र वाचल्या, तर पाण्यासाठी आणि घरासाठी दुर्बळाला किती थोड्या आधारावर उभे राहावे लागते, ते दिसते.