शोध-जाहिरात : खर्चाची गळती आणि उपाय

गूगलने ऑक्टोबर २००० मध्ये ‘ॲडवर्ड्स’ ही जाहिरात सेवा सुरू केली. २०१८ पासून ती ‘गूगल ॲड्स’ या नावाने ओळखली जाते. शोध-जाहिरातीत सामान्यतः प्रत्येक क्लिकमागे पैसे मोजावे लागतात. त्यामुळे खरेदीचा हेतू नसलेल्या क्लिकचाही भार जाहिरातदारावरच पडतो.

मोहीम आखताना ‘शोध भागीदार’ आणि ‘डिस्प्ले नेटवर्क’ हे पर्याय बहुधा आधीच निवडलेले असतात. ते तसेच राहिल्यास जाहिरात गूगलच्या शोधपानाबाहेर, इतर संकेतस्थळांवर व ॲपमध्येही झळकते. लहान व्यावसायिकाने प्रारंभी दोन्ही पर्याय बंद ठेवून शोधपानावरील प्रतिसाद पाहणे हिताचे ठरते.

दुसरी गळती शब्दांतून होते. शिलाई मशीन विकणाऱ्याची जाहिरात ‘शिलाई मशीन दुरुस्ती’ शोधणाऱ्यालाही दिसू शकते. शोधसंज्ञांचा अहवाल नियमित तपासून असे शब्द वर्ज्य शब्दांच्या यादीत घालावेत. विक्री एका शहरापुरती असल्यास, त्या शहरात केवळ स्वारस्य असलेल्यांना वगळून तेथे प्रत्यक्ष असलेल्यांचीच निवड करावी. मोहिमेचे यश प्रत्येक ऑर्डरमागे झालेल्या खर्चावरून जोखावे.