इ. स. १८३४ : विज्ञानातील नामकरणाचे एक वर्ष

विज्ञानाच्या इतिहासाचे ग्रंथ चाळताना १८३१ आणि १८५९ ही वर्षे ठळकपणे समोर येतात. पहिले फॅरडेच्या विद्युत्-चुंबकीय प्रवर्तनाचे, दुसरे डार्विनच्या ग्रंथाचे. १८३४ हे वर्ष त्या मानाने उपेक्षित राहिले आहे. त्या वर्षी कामे झाली नाहीत असे मात्र नव्हे. कार्नोचा उष्णतायंत्रांवरील ग्रंथ दहा वर्षे अडगळीत पडला होता. त्यातील विचाराला क्लापेरोंने गणिताचे व आलेखाचे रूप दिले, आणि केल्व्हिन व क्लॉसियस यांना कार्नोचा परिचय पुढे घडला तो याच लेखातून. दोन धातूंच्या सांध्यातून वीज खेळविली असता तो सांधा प्रवाहाच्या दिशेनुसार थंड अथवा उष्ण होतो, हे पेल्तिएला आढळले. जेकब पर्किन्सने शीतकरणयंत्राचे एकस्व घेतले. बॅबेजच्या मनात विश्लेषक यंत्राची कल्पना आकार घेऊ लागली. यादी आणखी लांबविता येईल. परंतु भाषेच्या अभ्यासकाला या वर्षाचे महत्त्व वाटते ते निराळ्याच कारणासाठी. आज शाळकरी मुलांच्याही तोंडी असलेले कित्येक शास्त्रीय शब्द या एकाच वर्षी जन्मले, आणि त्यांच्या जन्माचा पत्रव्यवहार सुदैवाने शिल्लक आहे. शब्दाचा जन्म असा तारीखवार हाती लागावा, हे व्युत्पत्तिशास्त्रात विरळाच घडते.

वस्तू सापडली म्हणजे तिला नाव मिळतेच असे नाही, याची दोन उदाहरणे याच वर्षातील आहेत. रुंगे या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने दगडी कोळशाच्या डांबरातून जी द्रव्ये वेगळी काढली, त्यांपैकी एक विरंजक चूर्णाच्या संपर्काने निळे होई. म्हणून निळेपणाच्या ग्रीक शब्दावरून त्याने त्याला 'क्यानोल' म्हटले. तेच द्रव्य १८२६ मध्ये उन्फरडोर्बेनने निळीपासून काढून त्याला 'क्रिस्टालिन' असे नाव दिले होते. पुढे १८४० मध्ये फ्रिट्शेने त्याला 'ॲनिलीन' व १८४२ मध्ये झिनिनने 'बेन्झिडाम' म्हटले. ही चारही नावे एकाच द्रव्याची आहेत हे हॉफमनने १८४३ मध्ये दाखवून दिले. टिकले ते 'ॲनिलीन'. त्याचे मूळ पोर्तुगीज 'अनिल'मध्ये, त्याचे अरबी 'अन्-नील'मध्ये, आणि त्याचेही मूळ आपल्या 'नील' शब्दात आहे. कृत्रिम रंगांचा उद्योग या द्रव्यावर उभा राहिला आणि १८९७ नंतर त्याच उद्योगाच्या कृत्रिम निळीने हिंदुस्थानातील निळीची शेती मोडीत काढली. दुसरे उदाहरण स्कॉट रसेलचे. एडिंबरोनजीकच्या कालव्यात, नाव एकाएकी थांबली असता तिच्यापुढून निघालेली एकच लाट आपला आकार न मोडता पुढे जात राहिलेली त्याने १८३४ च्या ऑगस्टमध्ये पाहिली, आणि घोड्यावरून तिचा मैल-दोन मैल पाठलाग केला. त्या लाटेला गणिती समीकरण मिळण्यास १८९५ साल उजाडले, व 'सॉलिटॉन' हे नाव रूढ झाले ते १८६५ नव्हे, तर १९६५ नंतर.

आता नाव मिळालेल्यांकडे वळू. मेरी सॉमरव्हिल यांचा भौतिक शास्त्रांच्या परस्परसंबंधांवरील ग्रंथ याच वर्षी प्रसिद्ध झाला आणि 'क्वार्टर्ली रिव्ह्यू'च्या मार्चच्या अंकात त्याचे निनावी परीक्षण आले. परीक्षणकर्ता होता केंब्रिजचा विल्यम ह्यूएल. शास्त्रांच्या शाखा दुरावत चालल्या आहेत आणि भौतिक सृष्टीच्या अभ्यासकांना उद्देशून एक समान शब्दही उरलेला नाही, अशी खंत त्याने तेथे मांडली. 'फिलॉसॉफर' हा शब्द त्या कामी फारच व्यापक व भारदस्त ठरतो. तेव्हा 'आर्टिस्ट'च्या धर्तीवर 'सायंटिस्ट' म्हणावे असे एका गृहस्थाने सुचविले, पण ते कोणाला रुचले नाही, असे त्याने लिहिले. हा गृहस्थ म्हणजे तो स्वतःच. १८४० मध्ये त्याने उघडपणे हा शब्द पुन्हा पुढे केला, तरी इंग्लंडात त्याविषयीची नाराजी पुष्कळ काळ टिकली. नाव ठेवणाऱ्यालाच लोकांनी नावे ठेवावीत, हा अनुभव परिभाषा घडविणाऱ्यांना नवा नाही. मराठीत 'शास्त्री' हा शब्द व्याकरणाच्या पंडितासाठी आधीच रूढ होता. त्यामुळे भौतिकीच्या अभ्यासकालाही 'शास्त्रज्ञ' म्हणताना आपल्याला अडखळावे लागले नाही. हा लाभ की तोटा, हा प्रश्न येथे बाजूस ठेवतो.

त्या वर्षीचा सर्वांत बोधप्रद व्यवहार फॅरडे व ह्यूएल यांच्यातील होय. फॅरडे लोहाराचा मुलगा. पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी केलेला. ग्रीक-लॅटिनचे शिक्षण त्याला मिळाले नव्हते. विजेने होणाऱ्या रासायनिक विघटनावरील त्याचा निबंध वर्षारंभी रॉयल सोसायटीपुढे वाचला गेला. विघटित द्रव्याचे प्रमाण त्यातून गेलेल्या विजेच्या प्रमाणात असते, हा त्यातील सिद्धांत. पण तो मांडताना जुने शब्द त्याला अडचणीत टाकीत होते. द्रवात बुडविलेल्या पट्टीला 'ध्रुव' म्हटले की ती चुंबकाप्रमाणे कणांना ओढून घेते असे गृहीत धरल्यासारखे होते, आणि फॅरडेला नेमके हेच अमान्य होते. त्याच्या मते त्या पट्ट्या म्हणजे विजेच्या जाण्यायेण्याची दारे होत. एका वैद्यमित्राच्या साहाय्याने त्याने काही शब्द तयार केले. 'आयसोड' व 'एक्सोड', म्हणजे आतला मार्ग व बाहेरचा मार्ग, ही जोडी त्यांतलीच. समाधान न झाल्याने २४ एप्रिल रोजी त्याने ह्यूएलला लिहिले.

ह्यूएलचे उत्तर दुसऱ्याच दिवशीचे आहे. विजेच्या प्रवाहाची खरी दिशा त्या काळी कोणासही ठाऊक नव्हती. फॅरडेने दिशा ठरविण्यासाठी पृथ्वीचाच आधार घेतला होता. पृथ्वीचे चुंबकत्व तिच्याभोवती फिरणाऱ्या विजेमुळे आहे असे मानले, तर ती वीज पूर्वेकडून पश्चिमेकडे, सूर्याच्या वाटेने, वाहिली पाहिजे. विघटन पावणारा पदार्थ त्याच दिशेने ठेवला अशी कल्पना केली, तर प्रवाह त्यात शिरतो ती बाजू उगवतीची आणि बाहेर पडतो ती मावळतीची. ग्रीक 'हॉडॉस' म्हणजे मार्ग, 'अना' म्हणजे वर, 'काता' म्हणजे खाली. त्यावरून ह्यूएलने चढणीची वाट ती 'ॲनोड' आणि उतरणीची ती 'कॅथोड' अशी नावे सुचविली. मे महिन्याच्या आरंभी त्याने 'ॲनायन', 'कॅटायन' व दोहोंसाठी 'आयन' हे शब्द कळविले. फॅरडेने ते स्वीकारले. त्याच्या भोवतालच्या मंडळींनी प्रथम आक्षेप घेतले आणि बाप, मुलगा व गाढव या गोष्टीतील बापासारखी आपली अवस्था झाली, असे त्याने ह्यूएलला कळविले; परंतु ह्यूएलचे नाव पुढे करताच तेच आक्षेप विरघळले. विद्वत्तेचा दबदबा शब्दाच्या प्रसाराला कसा उपयोगी पडतो, याचा हा प्रांजळ दाखला आहे.

प्रवाहाची दिशा पुढे निराळी ठरली तरी या नावांमुळे घोटाळा होऊ नये, अशी फॅरडेची अपेक्षा होती, आणि ती आश्चर्यकारकपणे खरी ठरली. आर्‍हेनियसने १८८० च्या दशकात आयनांविषयीची समजूत बदलली. १८९७ मध्ये टॉमसनने ज्या कणांचे अस्तित्व सिद्ध केले, त्या इलेक्ट्रॉनांचा ओघ तारेतून रूढ दिशेच्या उलट जातो असे पुढे दिसून आले. नावे मात्र जागची हलली नाहीत. त्यांच्यात सिद्धांत जवळजवळ नव्हताच. होता तो केवळ एक उगवता सूर्य, आणि त्याची आता कोणाला आठवणही नाही.

हीच नावे मराठीत आली तेव्हा काय झाले? 'आयन' हा शब्द केवळ उच्चारसाम्याने घेतला गेला, तरी तो परका नाही. ग्रीक 'इऑन' हे 'जाणे' या अर्थाच्या धातूचे वर्तमानकालवाचक कृदंत. संस्कृत 'इ' धातू त्याचाच सगोत्र, आणि त्यापासूनच उत्तरायणातले 'अयन' झाले. 'धनायन' व 'ऋणायन' हेही निर्दोष आहेत. फॅरडेने कणाला तो जेथे जातो त्यावरून ओळखले, आपण त्याच्या भारावरून ओळखतो, इतकाच फरक. दोष शिरला तो 'धनाग्र' आणि 'ऋणाग्र' या जोडीत. विघटनाच्या पात्रात ॲनोड धन असतो खरा. परंतु ज्या घटातून वीज मिळते त्यात प्रवाह द्रवात शिरतो तो जस्ताच्या कांडीपासून. म्हणजे जस्त हा ॲनोड, आणि त्याचे चिन्ह मात्र ऋण! अर्थवाही शब्दाच्या हौसेपायी, फॅरडेने जो सिद्धांत दाराबाहेर ठेवला तो आपण पुन्हा घरात घेतला. मराठी माध्यमाच्या शाळेत शिकत असताना मी घटाच्या आकृतीत जस्तापुढे 'धनाग्र' लिहून ऋण चिन्ह घातले होते. तपासणाऱ्यांनी ते चिन्ह तांबड्या शाईने खोडले. चिन्ह बरोबर होते. चुकीचा होता तो शब्द, पण हे मला कळले ते पुष्कळ वर्षांनी, ह्यूएलची पत्रे वाचताना.

राज्याचे भाषा संचालनालय १९६० मध्ये स्थापन झाले आणि त्यानंतर मराठी परिभाषेचे काम किती मोठ्या प्रमाणावर झाले, हे येथे सांगावयास नको. अशा कोशांतील शब्द सुटे तपासले जातात. जोडीने, आणि सर्व प्रकरणांत लावून पाहिले जात नाहीत, ही माझी तक्रार आहे. मूळ कल्पनेला धरूनच शब्द हवा असेल तर 'उदयाग्र' व 'अस्ताग्र' असे म्हणता येईल; मी स्वतः 'ॲनोड' व 'कॅथोड' असेच ठेवीन. रसायनशास्त्राच्या एका सहकाऱ्यांशी याविषयी बोलणे झाले, तेव्हा त्यांनी सांगितले की मुले प्रयोग करताना तोंडाने 'ॲनोड'च म्हणतात आणि 'धनाग्र' लिहितात ते केवळ वहीत.