फोटोखालचं नाव

वाशिमला आमच्या घरी ‘इलस्ट्रेटेड वीकली’चे जुने अंक होते. लहानपणी मी त्यातले फोटो तासन् तास पाहत असे. काढणाऱ्याचं नाव मात्र कधी वाचलं नाही. होमाई व्यारावाला हे नाव फार उशिरा कळलं.

१९१३ साली नवसारीत जन्मलेल्या होमाईबाई मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकल्या. त्यांचे पहिले फोटो ‘बॉम्बे क्रॉनिकल’ने छापले, ते बायकांच्या सहलीचे. दर फोटोला एक रुपया! वर्गमैत्रीण रेहाना मोगल हिचेही फोटो त्यांनी काढले. त्या काळची शिकणारी मुंबईकर मुलगी काय नेसायची, कशी वावरायची, हे त्यांत दिसतं. पुढे १९५० च्या दशकात इटलीतल्या नव्या फॅशनचा इतिहास फेदेरिको गारोला यांनी असाच टिपला.

पण होमाईबाईंचे सुरुवातीचे फोटो छापून येत ते पती माणेकशा यांच्या नावाने. १९४२ मध्ये त्या दिल्लीला गेल्या. साडी नेसलेली, गळ्यात कॅमेरा अडकवलेली बाई लोकांना विचित्रच वाटे. नेहरू, माउंटबॅटन, स्वातंत्र्याचा सोहळा, सारं त्यांनी टिपलं आणि १९७० मध्ये कॅमेरा ठेवून दिला. पद्मविभूषण मिळालं २०११ मध्ये, सत्त्याण्णवाव्या वर्षी.

मी ते अंक पुन्हा माळ्यावरून काढलेत. आता आधी फोटोखालची बारीक अक्षरं वाचतो.