शिकवण्याआधीचे शिकणे

परळची हाफकिन संस्था ज्या जुन्या वास्तूत आहे, तेथे एकेकाळी मुंबईचा गव्हर्नर राहत असे. प्रयोगशाळा आली ती 1899 साली. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन गव्हर्नर असताना 1823 साली त्याने शिक्षणावर एक टिपण लिहिले. देशी शाळांतील शिकवण्याची पद्धत सुधारावी आणि शाळा वाढवाव्यात, ही त्यातली पहिली सूचना होती. पद्धत सुधारायची तर आधी शिक्षक घडवावा लागतो. बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीने 24 शिक्षक तयार केले आणि 1826 साली त्यांना दख्खन, कोकण व गुजरातेत पाठवले. पुढे 1845 साली एल्फिन्स्टन संस्थेत शिक्षकांसाठी नॉर्मल वर्ग निघाला. त्याची जबाबदारी बाळशास्त्री जांभेकरांकडे होती.

आमच्या समाजातील मुलाचे पहिले अक्षर मात्र मशिदीलगतच्या मकतबात घडत होते. मुल्लाजी स्वतः जसे शिकले तसेच शिकवत. गावच्या पंतोजींचेही तेच होते. पाठांतर आणि छडी ही दोघांची सामाईक साधने. शिकवणे हेदेखील शिकावे लागते, हा विचार दोघांनाही नवा होता.

हा विचार पुण्यात एका मुस्लिम स्त्रीने आपल्या कामातून उचलला, याचा आम्हाला अभिमान आहे. फातिमा शेख यांचे नाव आम्ही आदराने घेतो. 2025 साली त्यांच्या अस्तित्वावरच शंका घेण्यात आली. पण सावित्रीबाईंचे 10 ऑक्टोबर 1856 चे पत्र आपल्यापुढे आहे. आजारपणामुळे त्या माहेरी होत्या. आपल्या मागे फातिमावर कामाचा भार पडत असेल, तरी ती कुरकुर करणार नाही, असा भरवसा त्यांनी जोतीरावांना लिहिलेल्या या पत्रात व्यक्त केला आहे. या ओळी एका सहकारी स्त्रीबद्दलच्या आहेत. आम्ही फातिमाबींची तसबीर लावतो, त्यांच्या कष्टांचा हिशेब मात्र मांडत नाही.

1882 साली हंटर आयोग नेमला गेला. जोतीराव फुले यांनी आयोगापुढे निवेदन दिले. प्राथमिक शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून घ्यावेत, त्यांना नॉर्मल स्कूलमध्ये तयार करावे, वेळ पडल्यास नांगराची मूठ धरायला त्यांना लाज वाटू नये आणि त्यांचा पगार दरमहा 12 रुपयांहून कमी नसावा, असे त्यांचे म्हणणे होते. याच आयोगाने आपल्या अहवालात मुस्लिम शिक्षकांसाठी नॉर्मल शाळा किंवा वर्ग काढावेत, अशीही शिफारस केली. आम्हाला या दोन गोष्टी शेजारी ठेवून वाचाव्याशा वाटतात. मूल ज्या घरातून येते ते घर गुरुजींना ठाऊक असावे, ही दोहोंमागची मागणी एकच आहे. त्यासाठी शेतकऱ्याच्या आणि मोमिनाच्या घरातला मुलगा ट्रेनिंगच्या दारापर्यंत पोहोचायला हवा होता.

परळमध्ये हा प्रश्न 1925 साली उंबऱ्यावर आला. मुंबई शहराच्या 1920 च्या कायद्यानुसार महापालिकेने एफ आणि जी वॉर्डांत प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. परळ या एफ वॉर्डातले. गिरणी कामगारांची वस्ती, खोल्या लहान, आईबाप पाळीवर. थोरले मूल धाकट्याला सांभाळत घरी बसे, ते आता शाळेत आणायचे होते. कायदा मुलाला वर्गात बसवू शकतो, पण ते तेथे टिकते ते शिक्षकामुळे. कोकणातून आलेल्या मुस्लिम कुटुंबातले मूल घरी कोकणी बोली बोले, कुराण अरबीत वाचे आणि शाळेत उर्दू किंवा प्रमाण मराठी ऐके. अशा मुलाची चूक ही चूक नसून बोली आहे, हे ओळखणारा गुरुजी लागतो.

आमच्यापैकी ज्यांनी डी.एड. केले आहे, त्यांना पहिले वर्ष आठवत असेल. सुरुवातीला शिकवायला कोणी देत नाही. मागच्या बाकावर बसून दुसऱ्याच्या पाठाचे निरीक्षण करायचे, वही भरायची, फळ्यावर सरळ ओळीत लिहायची सवय करायची. मग एकच कौशल्य घेऊन सूक्ष्म पाठ: प्रश्न कसा विचारावा, उत्तर चुकले तर पुढे कसे न्यावे. समोर वर्गमित्रच विद्यार्थी होऊन बसलेले असतात. टाचण तपासून घेतल्यावरच खऱ्या वर्गावर सराव पाठ. तेथे पहिल्याच पाठात टाचण एका वाटेने जाते आणि मुले दुसऱ्या वाटेने. छात्राध्यापक खरा शिकतो तो या क्षणी. ही विद्या वेगळी आहे, हे 2023 साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानेही स्पष्ट झाले. पहिली ते पाचवीच्या वर्गांसाठी बी.एड. ही पात्रता त्याने ग्राह्य धरली नाही.

आमच्याकडे अजूनही हुशार मुलाला डॉक्टर, इंजिनिअर करण्याची स्वप्ने पाहिली जातात आणि 'काही जमले नाही तर मास्तर हो' असे म्हटले जाते. मुलींना मात्र शिक्षिका होण्याची परवानगी 'सुरक्षित नोकरी' म्हणून मिळते. दोन्हींत या कामाचा मान राहत नाही. उर्दू शाळांना चांगले शिक्षक हवेत, ते आमच्यातून यावेत. पण मराठी शाळेच्या पहिलीच्या वर्गातही आमच्या मुलामुलींनी उभे राहावे. आमचे मूल तेथे बसलेले आहे आणि त्याच्या शेजारी बसलेले मूलही आमचेच आहे. 1882 साली जे मागितले गेले, ते पुरे करण्याचे काम सरकारइतकेच आमचेही आहे.